जुना फिल्म कॅमेरा : दुरुस्त करायचा की ठेवून द्यायचा?

‘वाचक विचारतात’ या सदरात यावेळी फक्त जुन्या फिल्म कॅमेऱ्यांबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. कॅमेरे वेगवेगळे असले तरी जवळपास प्रत्येक पत्राचा शेवट सारखाच आहे : याच्यावर खर्च करण्यात अर्थ आहे का?

प्रश्न : आजोबांचा पूर्ण यांत्रिक एसएलआर (आरशावाटे लेन्समधूनच बघायचा कॅमेरा) कपाटात सापडला. पंचवीसेक वर्षं कुणी हात लावलेला नाही. फिल्म पुढे सरकवायची लिव्हर अर्ध्यात अडकते. दुरुस्तीला न्यावा की नको, हे घरीच ठरवता येईल का?

बऱ्याच अंशी येतं. फक्त लिव्हरवर जोर देऊ नका. अडकलेली लिव्हर रेटताना आतल्या चक्राचा एखादा दात तुटला, तर साफसफाईत भागणाऱ्या कामाला सुटा भाग लागतो, आणि जुन्या कॅमेऱ्याचा सगळा हिशोब तिथेच फिरतो. वयामुळे जे होतं ते बहुतेक निस्तरता येतं : ग्रीस चिकट होणं, फोम कुजणं, पात्यांवर तेल पसरणं, संपर्कपट्ट्यांवर क्षार साचणं. जे तुटलं, हरवलं किंवा जळलं, त्यासाठी मात्र त्याच मॉडेलचा दुसरा कॅमेरा फोडावा लागतो. त्यामुळे बिघाड कोणताही असो, आधी हे शोधा की काही साचलंय की काही मोडलंय.

पहिल्यांदा आत रोल आहे का ते बघा. रिवाइंडची घडीची मूठ उघडून बाणाच्या दिशेने अगदी हलकेच फिरवा. ताण जाणवला तर रोल आहे, आणि रोल संपलेला असला की लिव्हर अशीच अर्ध्यात अडकते. तळाचं छोटं बटण दाबून रोल डबीत परत गुंडाळा, ताण सुटेपर्यंत मागचं झाकण उघडू नका. आत कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत स्लाइड फिल्म) निघाली तर तिच्यातले रंग आता मिळणार नाहीत. त्या प्रक्रियेची शेवटची प्रयोगशाळा २०१० च्या अखेरीस थांबली. कृष्णधवल निगेटिव्ह म्हणून ती अजूनही धुता येते.

रोल नसेल तर लेन्स काढून आरसा बघा. तो अर्धवट वर अडकला असेल तर वरच्या कडेचा फोम चिकट झालेला असतो आणि आरसा त्याला धरून बसतो. सेल्फ-टायमरचा दांडा अर्ध्यावर थांबला असेल तरी काही कॅमेऱ्यांत शटर अडतं. मागचं झाकण उघडून शटरच्या पडद्यांना सुरकुत्या, भेगा किंवा वाकलेली पाती आहेत का ते बघा, पण बोट लावू नका.

शेवटी स्क्रूंची डोकी तपासा, ही गोष्ट लोक विसरतात. जुन्या जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू जेआयएस प्रमाणाचे असतात. त्यांत साधा फिलिप्स पेचकस घातला की तो खाचेत पूर्ण बसत नाही आणि डोकं झिजवतो. झिजलेली डोकी आणि कड्यांच्या खाचांभोवतीचे ओरखडे दिसले, तर कॅमेरा आधी कुणीतरी नवशिक्याने उघडलेला आहे. बंद पडलेला पण कधीच न उघडलेला कॅमेरा आम्ही अशा ‘चालू’ कॅमेऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा मानतो.

प्रश्न : कोडॅक रेटिना ३सी. लिव्हर हलतच नाही, पुढचं झाकणही बंद होत नाही. ‘हा संपला’ असं एकाने सांगितलं.

आधी काउंटर बघा. या रेटिनांचा काउंटर उलटा मोजतो. उरलेल्या फोटोंची संख्या शेवटाला आली की लिव्हर मुद्दाम कुलूपबंद होते. काउंटर पुन्हा वरच्या आकड्यावर आणला की ती सुटते. रोल नसताना शटर भरलं (पुढच्या फोटोसाठी ताणलं) जात नाही, हाही दोष नाही. फिल्मच्या भोकांत अडकणारं दातेरी रूळ फिरलं तरच ते भरलं जातं. झाकण उघडून ते रूळ अंगठ्याने फिरवत लिव्हर चालवून बघा. पुढचं झाकण फोकस अनंतावर (सगळ्यात लांबच्या खुणेवर) आणल्याशिवाय मिटत नाही, आणि जोराने मिटवलं तर खरंच मोडतं.

हे सगळं करूनही लिव्हर सैल फिरत असेल आणि शटर भरत नसेल, तर शटरपर्यंत हालचाल नेणारी दातेरी पट्टी झिजली असण्याची शक्यता मोठी. या मालिकेचं नाजूक ठिकाण तेच. मग दुसऱ्या रेटिनाची पट्टी काढून बसवावी लागते.

‘बिघडलेले’ समजले जाणारे असे आणखीही कॅमेरे आहेत. झोर्की-४ मध्ये शटर भरल्यानंतरच वेग बदलायचा असतो. आधी बदलला तर आतला खुंटा बिघडू शकतो. कॅनन एई-१ मध्ये बॅटरी नसेल तर खटका दाबला जात नाही आणि लिव्हरही पुढे जात नाही. निकॉन एफएमची लिव्हर थोडी बाहेर ओढून ठेवल्याशिवाय प्रकाश मोजणारा मीटर चालू होत नाही. मूळ माहितीपुस्तिका मिळवून वाचणं ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

प्रश्न : कापडी पडद्यांचं शटर. १/६० ते १/२५० ठीक वाटतात, पण १ सेकंदाला शटर उघडंच राहतं आणि १/१००० च्या फोटोंची एक बाजू काळी येते. शटर गेलं का?

गेलेलं नाही, वंगण वाळलं आहे. पण ही दोन वेगळी दुखणी आहेत.

साधारण १/३० च्या खालचे वेग एका छोट्या चक्रमालिकेवर चालतात. १ सेकंदाला ऐकू येणारी घरघर तिचीच. तिचं वंगण चिकट झालं की चक्रं मध्येच थांबतात आणि दुसरा पडदा सुटत नाही. वरचे वेग चांगले असताना फक्त मंद वेग अडकत असतील तर ही चांगली बातमी समजा. काम साफसफाईचं आहे.

१/१००० चं कारण वेगळं. पहिला पडदा उघडत जातो आणि दुसरा मागोमाग झाकत येतो. या वेगाला दोघांमधली फट जेमतेम दोन मिलिमीटरच्या आसपास असते. पहिल्याचे रूळ कोरडे पडून तो रेंगाळला की दुसरा त्याला गाठतो, फट मिटते आणि तेवढी बाजू काळी राहते. घरी तपासायला लेन्स काढा, मागचं झाकण उघडा, कॅमेरा उजळ भिंतीकडे धरा आणि मागून बघत १/१००० ला खटका दाबा. पूर्ण चौकट चमकली पाहिजे.

मंद वेग मोबाइलवर मोजता येतात. सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो-मोशन लावा, शटर मागून चित्रित करा आणि उघड्या शटरच्या फ्रेम मोजा. १ सेकंदाला २४०, १/८ ला ३०, १/३० ला ८, १/६० ला ४ यायला हव्यात. त्यापुढे मोबाइलच्या आकड्यावर विसंबू नका. तिथे शटर टेस्टरच हवा.

किती चूक चालते? निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश सहज पोटात घेते. १/१००० प्रत्यक्षात १/७०० पडत असेल तर अर्ध्या स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), त्यासाठी कॅमेरा उघडू नये. स्लाइड फिल्म वापरणार असाल तर मात्र एक तृतीयांश स्टॉपच्या आत हवं. चौकट एकसारखी न उजळणं मात्र कुठल्याच फिल्मवर चालत नाही.

दुरुस्तीला देताना एक गोष्ट स्पष्ट विचारा : रूळ साफ करून वंगण बदलणार, की नुसता स्प्रिंगचा ताण वाढवणार? ताण वाढवला की कोरडा पडदा काही काळ वेळेत पळतो. मग झीज वाढते आणि दुखणं परत येतं. चक्रमालिकेत नुसतं लायटरचं इंधन सोडण्याचंही तसंच. जुनं ग्रीस विरघळून दुसरीकडे जाऊन बसतं. आणि गंज सोडवायचे फवारे कॅमेऱ्याजवळ आणूच नका. त्यांचं तेल पात्यांवर आणि काचांवर रांगत जातं.

पडदा कडक होऊन तडकला असेल तर नवा कापून चिकटवावा लागतो. ते नाजूक आणि वेळखाऊ काम आहे, उत्तम कॅमेऱ्यासाठीच करावं. आरसा नसलेल्या, वेगळ्या खिडकीतून बघायच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात लेन्स सूर्याकडे राहिली तर पडद्याला भोक पडतं. एखादं टाचणीएवढं भोक काळ्या लवचीक रबरी रंगाच्या पातळ थराने बुजतं. जाड थर दिला तर पडदा रुळावर नीट गुंडाळत नाही. धातूच्या उभ्या शटरचं पातं वाकलं असेल तर ते सरळ करत बसू नये, पूर्ण शटरच बदलावं लागतं.

प्रश्न : लेन्समध्ये बुरशी आहे. कॅमेरा उत्तम चालतो. लेन्स फेकायची का?

आधी नीट बघा. अंधाऱ्या खोलीत अ‍ॅपर्चर (लेन्समधलं लहान-मोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडा, मागून तिरका टॉर्च मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे म्हणजे बुरशी. सगळीकडे पसरलेला दुधी पापुद्रा म्हणजे धुरकटपणा, तो बहुधा वंगणाच्या वाफेचा. कडेला इंद्रधनुषी किंवा चंदेरी डाग म्हणजे दोन भिंगं चिकटवणारा थर सुटतोय. काही जर्मन लेन्सच्या आत कडेला पांढरे ठिपके दिसतात. ते आतला काळा रंग सुटल्याने पडतात आणि चित्रावर काही परिणाम करत नाहीत.

उघड्या पृष्ठभागावरची ताजी बुरशी पुसली जाते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया यांचं समभाग मिश्रण कापसावर घेऊन हलक्या हाताने, मग स्वच्छ पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हे मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालूनच करा, आणि पितळी कड्यांना लागू देऊ नका. जुन्या बुरशीने सोडलेल्या आम्लाने आवरण आणि काच खाल्ली असेल, तर बुरशी जाते पण तिचा नकाशा राहतो. असे बारीक ओरखडे प्रकाश पाठीमागून असताना फारसे कळत नाहीत. सूर्य समोर आला की चित्र फिकं पडतं. दोन चिकटवलेल्या भिंगांच्या मधली बुरशी मात्र घरी निघत नाही. भिंगं सुटी करून पुन्हा चिकटवण्याचा खर्च फार थोड्या लेन्सना परवडतो.

निर्णय घेताना लक्षात ठेवा, मागच्या भिंगावरचा ओरखडा पुढच्या भिंगावरच्या ओरखड्यापेक्षा जास्त नडतो. पुढच्या काचेवरचे एक-दोन ओरखडे बघून चांगल्या लेन्स टाकून दिल्या जातात, ते चुकीचं आहे. आणि लेन्स सुटी होणारी असेल तर बॉडीचा आणि लेन्सचा निर्णय वेगळा करा.

स्वतः उघडणार असाल तर फोकसचं आट्यांचं नळकांडं सुटण्याच्या क्षणी दोन्ही भागांवर खूण करा. त्याच्या आट्यांना अनेक सुरुवाती असतात. चुकीच्या सुरुवातीला लावलं तर लेन्स फिरते, पण अनंतावर फोकस होत नाही, आणि मग बरोबर जागा शोधण्यात संध्याकाळ जाते. साफ केलेली लेन्स परत चामड्याच्या पेटीत ठेवू नका. चामडं ओल धरतं. ४० ते ५० टक्के आर्द्रता पुरे.

प्रश्न : माझ्या ऑलिंपस ओएम-१ चा मीटर बंद आहे. मूळ पाऱ्याचे सेल मिळत नाहीत. मीटरशिवाय कॅमेरा दुरुस्त करण्यात अर्थ आहे का?

नक्की आहे. ओएम-१ चं शटर पूर्ण यांत्रिक आहे, सेल फक्त मीटरसाठी लागतो. पण मीटर खरंच गेलाय का ते आधी बघा. मूळ पीएक्स ६२५ सेल १.३५ व्होल्टचा, आणि संपेपर्यंत जवळजवळ स्थिर. तिथे १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला की वाचन चुकतं, आणि त्याचा व्होल्टेज उतरत जातो म्हणून चूकही बदलत राहते. तीन मार्ग आहेत. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा. तो बारीक असल्याने भोवती रबरी कडं घालावं लागतं, आणि चिकटपट्टी काढल्यावर तो साधारण दोनेक महिने टिकतो. दुसरा, १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि व्होल्टेज थोडा उतरवणारा शॉट्की डायोड बसवलेला अडॅप्टर. तिसरा, कारागिराकडून मीटरच नव्या व्होल्टेजला जुळवून घेणं. कॅमेरा उघडणारच असेल तर हा उत्तम. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवाल्यांना ही चिंता नाही. त्याचं सर्किट ब्रिज पद्धतीचं असल्याने १.५५ व्होल्टवरही वाचन बरोबर राहतं.

सेल बदलूनही काटा हलला नाही तर सेलची खोबण बघा. हिरवट-पांढरे क्षार असतील तर कापसाच्या काडीवर थोडा व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिलने कोरडं करा. बहुतेकदा खोबणीला जोडलेली तार आतून हिरवी पडून तुटलेली असते. दोन इंच नवी तार आणि दोन ठिकाणी सोल्डरचा डाग, एवढंच काम.

ओएम-१ मध्ये मीटरपेक्षा प्रिझमची (व्ह्यूफाइंडरच्या वरच्या काचेच्या ठोकळ्याची) काळजी करा. त्याच्याभोवतीचा फोम कुजला की तो प्रिझमचा चंदेरी थर खातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काळपट डाग दिसू लागतात. थर अजून शाबूत असेल तर तो फोम लगेच काढून घ्या. या एका कारणासाठी चालू ओएम-१ सुद्धा उघडण्यासारखा आहे.

सेलेनियमचे मीटर, म्हणजे पुढे मधमाशीच्या पोळ्यासारखी काच असलेले बॅटरीविरहित मीटर, मेले की सोडून द्यावेत. पट्टी बदलून मिळाली तरी तीही तितकीच म्हातारी असते. त्याऐवजी भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ ला शटर १/आयएसओ (आयएसओ म्हणजे डबीवर छापलेला फिल्मच्या वेगाचा आकडा), हलक्या ढगांत एफ/११, पूर्ण ढगाळ असेल तर एफ/८ आणि उघड्या सावलीत एफ/४ एवढं पाठ करा. निगेटिव्ह फिल्मला पुरतं.

प्रश्न : कॅनन एई-१ खटका दाबला की किंचाळतो. आणि मिनोल्टा एक्स-७०० चे दिवे लागतात, पण शटर सुटत नाही. इलेक्ट्रॉनिक कॅमेरे दुरुस्तच होत नाहीत म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. एई-१ चं किंचाळणं इलेक्ट्रॉनिक नाहीच. आरशाच्या यंत्रणेतली गती आवरणारी चक्रं कोरडी पडलेली असतात. लांब सुईने योग्य जागी हलक्या तेलाचा एक थेंब दिला की आवाज थांबतो. दुसरा थेंब मात्र महागात पडतो. तेल शटरच्या चुंबकांपर्यंत गेलं तर शटर चिकटायला लागतं. आवाजासकट तसाच वापरत राहिलात तर आरसा मंदावत जातो, म्हणून टाळाटाळ करू नका.

एक्स-७०० चं तुम्ही सांगितलेलं लक्षण या मॉडेलमध्ये प्रसिद्ध आहे, आणि बहुधा तळाशी असलेला एक कपॅसिटर गेलेला असतो. तळाची पत्रा-झाकणी काढून तो बदलता येतो. कपॅसिटर हा बाजारात मिळणारा सर्वसाधारण भाग आहे, त्यामुळे हे काम करण्यासारखं आहे. खोटं न वाटणारं उत्तर हवं असेल तर असं : सुटा भाग जिथे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक दुकानात मिळतो तिथपर्यंत दुरुस्ती आहे. खास त्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली चिप किंवा लवचीक सर्किटपट्टी गेली, की नवीन मिळत नाही. व्ह्यूफाइंडरमधला डिस्प्ले अर्धाच उमटणं, वेग आपोआप उड्या मारणं, गरम हवेत चालणं आणि थंडीत बंद पडणं ही त्या बाजूची चिन्हं. अशा कॅमेऱ्यावर मोठा खर्च करू नका.

विकत घेण्यापूर्वीच विचार करत असाल तर आणखी एक निकष : बॅटरीविना काय चालतं? पेंटॅक्स के-१००० आणि निकॉन एफएम-२ चे सगळे वेग चालतात. निकॉन एफई एका यांत्रिक वेगावर, १/९० ला चालतो. यशिका इलेक्ट्रो ३५ फक्त १/५०० ला. एई-१ मुळीच नाही.

प्रश्न : प्रत्येक फोटोवर नारिंगी पट्टे येतात. मागच्या झाकणाच्या खाचेत काळा चिकट गाळ आहे. यासाठी दुरुस्तीला द्यावा का?

नाही, हे घरी होतं. खाचांतला जुना फोम लाकडी काडीने खरवडा आणि आयसोप्रोपिलने पुसून काढा. कॅमेरा उलटा धरा, म्हणजे चिकट कण शटरवर पडणार नाहीत. धातूचं टोक वापरू नका. लांब अरुंद खाचांत काळा लोकरीचा धागा बसतो, बिजागरीच्या बाजूला १.५ ते २ मिलिमीटर जाडीची फोमपट्टी. जाड पट्टी लावली तर झाकण बंद होत नाही किंवा कडी ताणली जाते. आरशाच्या वरच्या कडेची पट्टी बदलताना शेजारच्या फोकसिंग स्क्रीनवर (चित्र उमटतं त्या दुधी पडद्यावर) कागद ठेवा. कुजलेल्या फोमचा डाग प्लास्टिकच्या स्क्रीनवरून पुसायला गेलात तर तो पसरतो आणि स्क्रीनच्या बारीक रेषा भरून जातात. कुजलेला फोम बघून विकणारा घाबरतो आणि घेणाऱ्याला चांगला सौदा मिळतो.

प्रश्न : घडीचा आग्फा आयसोलेट. भात्याला भोकं आहेत आणि फोकसची कडी घट्ट झाली आहे.

दोन्ही या कॅमेऱ्याची ठरलेली दुखणी. अंधाऱ्या खोलीत भाता ताणून आत छोटा एलईडी टॉर्च ठेवा आणि बाहेरून घड्यांचे कोपरे बघा. तीन-चार टाचणीची भोकं असतील तर आतून काळ्या लवचीक रंगाचा पातळ थर द्या आणि भाता ताणलेल्या अवस्थेत चोवीस तास वाळू द्या. चिकटपट्टी लावू नका, घडी मिटताना ती दाबली जाऊन नवी भेग पडते. प्रत्येक कोपऱ्यात तारे दिसत असतील तर भाताच बदलायला हवा.

फोकसच्या कडीचं दुखणं जास्त फसवं आहे. त्या काळचं हिरवट ग्रीस गोठून पुढचं भिंग मधल्या भिंगाच्या कड्याला चिकटतं. जोर लावला की कडी ‘सुटल्यासारखी’ फिरते, पण दोन्ही भिंगं एकत्र फिरत असतात आणि फोकस कुठेच लागत नाही. आधी लायटरच्या इंधनात भिजवून दोन्ही वेगळी करायची, साफ करायची आणि मग अनंत पुन्हा बसवायचं. आयसोलेट आजही मिळणाऱ्या १२० रोलवर चालतो, म्हणून हे कष्ट वाया जात नाहीत. ६२० रोलचे घडीचे कॅमेरेही वाचवता येतात. फिल्म तीच, फक्त रीळ बारीक. दोन ६२० रिळं मिळवा आणि अंधारात १२० ची फिल्म त्यावर गुंडाळून घ्या. १२७ किंवा त्याहून दुर्मीळ आकाराचा कॅमेरा असेल तर दुरुस्तीआधी फिल्म कुठून आणणार हे ठरवा. कॅमेरा ठणठणीत आणि फिल्मच नाही, असं व्हायला नको.

प्रश्न : एक कॅमेरा खाली पडला आहे, दुसरा समुद्राच्या पाण्यात भिजला.

समुद्राच्या पाण्यातला सोडून द्या. मीठ आत वाळलं की पितळ, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना खात राहतात. आज चालू केलेला भाग पुढच्या महिन्यात अडकतो. चांगले राहिलेले बाहेरचे भाग दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी ठेवा.

पडलेल्याचं मोजून ठरतं. फिल्टरची वाकलेली कडी दिसायला वाईट, पण लेन्सची कडी सरळ करणारा शिकंजा ती काही मिनिटांत सरळ करतो. खरी भीती माउंट (कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती कडी) तिरका होण्याची. माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर निकॉन एफ माउंटला ४६.५ मिलिमीटर, एम-४२ ला ४५.४६, कॅनन एफडीला ४२ असतं. त्यात काही शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी उघड्या अ‍ॅपर्चरला चित्राची एक बाजू मऊ दिसते. शटर ‘बी’ वर (खटका दाबलेला असेपर्यंत उघडं राहणारा वेग) उघडं ठेवा, फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवर टेकते त्यांवर दुधी काच खरखरीत बाजू लेन्सकडे करून ठेवा, आणि लांबच्या इमारतीचे चारही कोपरे भिंगातून बघा. चारही स्पष्ट असतील तर वरच्या पोचे पडलेल्या पत्र्याकडे दुर्लक्ष करून कॅमेरा वापरा.

प्रश्न : कारागिराने सांगितलेल्या खर्चात तसाच दुसरा चालू कॅमेरा येतो. मग दुरुस्ती कशाला?

तुलना चुकीची होते आहे. दुसरा ‘चालू’ कॅमेराही तेवढ्याच वयाचा, आणि त्याचं ग्रीस कुणी बदललं आहे हे माहीत नाही. खरी तुलना नुकताच साफ होऊन, वेग मोजून आलेला कॅमेरा आणि पुढच्या वर्षी तेच काम मागणारा कॅमेरा यांची आहे. के-१००० सारखा १९७६ ते १९९७ इतका काळ बनत राहिलेला कॅमेरा असेल, आणि तुमच्या कॅमेऱ्यात काही मोडलं असेल, तर दुसरा घ्या आणि जुना सुट्या भागांसाठी ठेवा. फक्त सुकलं असेल तर दुरुस्त करा. आठवण म्हणून जपायचा कॅमेरा असेल तर हिशोबच वेगळा, पण मग तो वापरणार की मांडून ठेवणार हे आधी ठरवा. मांडून ठेवायला शटर चालावं लागत नाही.

कारागिराला विचारा : नेमकं काय बिघडलं, दुसऱ्या फोडलेल्या कॅमेऱ्याचा भाग लागणार का, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे शटरचे वेग लिहून मिळतील का, फोम बदलण्याचा खर्च धरला आहे का, जमलं नाही तर किती आकारणार. मोजलेले वेग लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरा बघा.

कॅमेरा परत आला की लगेच १०० आयएसओचा निगेटिव्ह रोल भरा. ढगाळ दिवशी उजेड स्थिर असताना एकाच मोकळ्या भिंतीचे फोटो या जोड्यांनी घ्या : १/१००० ला एफ/२, १/५०० ला एफ/२.८, १/२५० ला एफ/४, १/१२५ ला एफ/५.६, १/६० ला एफ/८, १/३० ला एफ/११, १/१५ ला एफ/१६. शेवटचे दोन तिवईवर. धुतल्यावर सातही निगेटिव्ह सारख्याच दाट दिसल्या पाहिजेत. एकच वेगळी असेल तर तो वेग चुकलाय. एफ/१६ च्या टोकाकडे क्रमाने जास्त दाट होत गेल्या तर अ‍ॅपर्चर नीट मिटतंय का ते बघा. मग दूरची इमारत आणि एक मीटरवरची तिरकी मोजपट्टी, दोन्ही पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला. मोजपट्टीवर फोकस केलेला आकडाच सगळ्यात स्पष्ट हवा. पुढचे तीन फोटो घेण्याच्या मधल्या वेळात लेन्सवर झाकण घालून कॅमेरा पाच-पाच मिनिटं उन्हात फिरवत ठेवा. मागच्या झाकणाची प्रत्येक बाजू उन्हाकडे यायला हवी. दोन फ्रेमच्या मधल्या मोकळ्या जागांची रुंदीही बघा. ती कमी-जास्त होत असेल तर फिल्म ओढणारी यंत्रणा घसरते आहे, आणि कॅमेरा त्याच पावतीवर परत न्यावा.